तिकटीवरचे रुमाल

“मॅडम, ह्याच्यावर रुमाल हाय,” दस्तगीरभाई म्हणाले आणि त्यांनी हँडलवरचा हात काढून घेतला.

“मग पलीकडची उचला.”

“पलीकडच्यावर पण हाय.”

“त्याच्या पलीकडची?”

दस्तगीरभाईंनी ओळीवरून नजर फिरवली. उत्तर समोरच होते. कोल्हापुरातल्या तांबट तिकटीवर, जिथे तीन रस्ते एकमेकांना भिडतात आणि कुणी कुणाला वाट देत नाही, तिथे आमच्या कंपनीच्या भाड्याने द्यायच्या सात विजेच्या स्कूटर एका रेषेत उभ्या होत्या. पहिलीच्या सीटवर निळ्या चौकटींचा रुमाल होता, दुसरीवर पांढरा, तिसरीवर कडेने फुले भरलेला, चौथीवर चक्क एक पंचा. पंचा हा काटेकोरपणे पाहता रुमाल नव्हे. परंतु तिकटीवर तो रुमाल म्हणूनच धरला जाई. उरलेल्या तिन्ही सीटसुद्धा अशाच झाकलेल्या होत्या.

टेम्पोचा फाळका उघडा होता. दोन हमाल हाताची घडी घालून उभे होते. स्कूटर उचलायला त्यांची ना नव्हती. रुमाल उचलायला होती.

“तुम्हीच सांगा साहेबास्नी,” दस्तगीरभाई हळूच म्हणाले. “आम्ही हितलीच माणसं. उद्या परत ह्याच गल्लीतनं टेम्पो घालायचा हाय मला.”

साहेब म्हणजे निरंजन ओगले, ‘सरसर’ कंपनीचे पुण्याचे विभागप्रमुख. ते टेम्पोच्या केबिनमध्ये दस्तगीरभाईंच्या शेजारी बसून आले होते आणि आता चौकाच्या मध्यावर उभे राहून फोनवर बोलत होते. थांबा बंद करायचा, स्कूटर टेम्पोत घालायच्या आणि दुपारच्या गाडीने परत जायचे, असा त्यांचा बेत होता. शहरातला आमचा हा सर्वांत मोठा थांबा. तो उठला की कोल्हापूरचा प्रयोग संपला, आणि प्रयोग संपला की मी कऱ्हाडला. तिथे माझ्या वडिलांनी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची जागा माझ्यासाठी जवळजवळ ठरवून ठेवली होती. “तुझा स्कूटरींचा खेळ आटोपला की सांग,” असे ते दर रविवारी फोनवर म्हणत. त्यांच्या स्वरात काळजीपेक्षा खात्री जास्त असे.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. त्या वेळी मी विद्युतरसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि मोजता येत नाही ते अस्तित्वात नाही, अशा मताची होते. बॅटरी किती उतरली, स्कूटर किती वेळ उभी राहिली, किती जणांनी फोनवर तिचा शोध घेतला, हे सारे मी तिकटीवरच्या एका ओट्यावर बसून टॅबवर पाहत असे. आकडे मात्र एकमेकांशी भांडत होते. तिकटीवर स्कूटर शोधणारे शहरात सर्वांत जास्त. त्यांतले बहुतेक चालत थांब्यापर्यंत येत. आणि स्कूटर न घेता निघून जात.

कारण माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या ॲपमध्ये स्कूटर फार तर दहा मिनिटे राखून ठेवता येई. तिकटीवरच्या लोकांना हे अपुरे वाटले. ज्याला जेवण झाल्यावर निघायचे आहे तो सकाळीच सीटवर रुमाल टाकून जाई, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. पुढचा माणूस येई, फोन उघडी, ‘स्कूटर उपलब्ध’ असे वाची, मग सीटकडे बघे, आणि चालू लागे. त्याने बटण दाबले असते तर कुलूप निमूट उघडले असते. पण रुमालावर बटण दाबणारा माणूस मला तिकटीवर दिसला नाही.

मी यावर प्रयोगही केले होते. एका सीटवर कंपनीची ‘आरक्षित’ अशी छापील पट्टी चिकटवली. ती स्कूटर लगेच गेली. दुसरीवर बॅटरी पुसायचे मळके फडके टाकले; ती संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. मध्ये वाऱ्याने फडके उडाले, तर एका गृहस्थाने ते उचलले, झटकले, पुन्हा सीटवर पसरले आणि उडू नये म्हणून वर खडा ठेवला. गृहस्थ स्वतः चालत गेले. फडके कुणाचे, याची त्यांनी चौकशी केली नाही. कुणाचे तरी आहे एवढे त्यांना पुरेसे होते.

हे सर्व मी पुण्याला कळवले होते. ओगलेसाहेबांना ती थट्टा वाटली.

“काय अडलंय?” त्यांनी फोन खिशात घालत विचारले.

“रुमाल, सर.”

“म्हणजे ते खरं होतं?”

“मी अहवालात विनोद लिहीत नाही, सर.”

ते ओळीपाशी आले. पहिल्या सीटवरचा निळ्या चौकटींचा रुमाल त्यांनी दोन बोटांनी उचलला.

तिकटीवर एक बदल झाला, तो मला आधी कानांनी कळला. कोपऱ्यावरच्या दुकानात पातेल्याला पोचे काढणारी हातोडी थांबली. ते दुकान सुगंधाकाकी कासारांचे. काकी गल्ल्यावर बसत, पण त्यांचा खरा व्यवसाय तिकटीवर लक्ष ठेवणे हा होता. भांडी जोडधंदा म्हणून.

“ओ पाव्हणं,” काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “विचारलासा का?”

“कुणाला?”

“ज्याचा हाय त्याला.”

“तो माणूस इथे नाहीये.”

“आता हितं नाही म्हणून तर मोठ्यानं विचारायचं. हितं असता तर बारक्या आवाजात भागलं असतं.”

हमाल हसले. ओगलेसाहेबांनी आजूबाजूला पाहिले. पानाच्या गादीवरचे दोघे, पोहे खाणारे चौघे, दुकानाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायका, सगळे अतिशय शांतपणे त्यांच्या हाताकडे बघत होते. कुणी रागावलेले नव्हते. एखादा पाहुणा चपलेसकट देवघराकडे निघाला की यजमान जसे बघतात, तसे ते बघत होते.

“बाई, ही स्कूटर कंपनीची आहे,” साहेब म्हणाले.

“व्हय की. कोण नाही म्हणतंय? स्कूटर कंपनीची. रुमाल कुठं कंपनीचा हाय?”

या विधानात मला तार्किक दोष सापडला नाही.

साहेबांनी रुमाल परत सीटवर ठेवला. टाकला नाही, ठेवला, हे मी पाहिले. “सबनीस,” ते मला म्हणाले, “मी रस्त्यावर उभा राहून ओरडणार नाही. तुम्ही विचारा. आणि लवकर आटपा, मला गाडी गाठायची आहे.”

तिकटीवर मी एक पावसाळा बसून काढला होता, आणि तेवढ्या काळात माझा आवाज चहाच्या पेल्यापलीकडे गेला नव्हता. निरीक्षकाने निरीक्षणात ढवळाढवळ करू नये, असे आम्हाला शिकवले होते. मी घसा साफ केला.

“हा रुमाल कुणाचा आहे?”

“अगं केतकी,” काकी म्हणाल्या, “एवढ्या आवाजात त्या रुमालाला तरी ऐकू गेलं का बघ.”

“कुणाचा आहे हा रुमाल?” मी पुन्हा विचारले.

“परीक्षेत पेपर देत नाहीस तू. गावाला हाक मार.”

माझे कान तापले. मी डोळे मिटले आणि फुप्फुसांत होती तेवढी हवा एकदम बाहेर सोडली. “कुणाचा रुमाल?”

समोरच्या माडीची खिडकी उघडली. तिथे पोवार वकिलांचे कार्यालय होते. वकील बनियनवर होते आणि त्यांच्या हातात अर्धी भाकरी होती.

“माझा! का गं बाळ?”

“स्कूटर न्यायची होती.”

“मग ने की! मला कोर्टात चारशिवाय कोण विचारत नाही. रुमाल तेवढा काकींकडं दे.”

एवढे बोलून ते खिडकी लावू लागले. तिथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण अपुरी माहिती देऊन होकार मिळवणे मला पटेना. कऱ्हाडच्या जागेकडे मी स्वतःच्या पायांनी चालले आहे हे कळत असूनही मी म्हणाले, “काका, टेम्पोत घालून न्यायची आहे. सगळ्याच न्यायच्या आहेत. थांबा बंद होतोय.”

खिडकी पुन्हा पूर्ण उघडली. वकिलांनी टेम्पो पाहिला, उघडा फाळका पाहिला, ओगलेसाहेब पाहिले.

“मग रुमाल हाय तिथं ठेव,” ते म्हणाले. “मला लगेच निघायचं हाय.”

“भाकरी संपवून निघा,” काकी ओरडल्या. “टेम्पो कुठं जात नाही!”

तिकटी हसली. ओगलेसाहेब सोडून सगळे हसले, आणि तेही कसोशीने हसत नव्हते एवढेच. “हे बघा,” ते मला म्हणाले, “हा तमाशा मला नको आहे. कायद्यानं...”

“एक मिनिट,” कुणीतरी म्हणाले.

ती परिचारिकेच्या पांढऱ्या गणवेशातली तरुण बाई होती. मी तिला ओळखत होते, म्हणजे टॅबवर ओळखत होते: रोज शोधणारी, रोज येणारी, रोज परत जाणारी. तिने एका कानातला इअरफोन काढला होता आणि ती माझ्याकडे नव्हे, खिडकीकडे बघत होती.

“विचारलं तर देतात?” तिने विचारले.

“म्हणजे?” मी म्हणाले.

“मी रोज येते. रुमाल बघते आणि चालत दवाखान्यात जाते. मला वाटायचं, रुमाल म्हणजे झालंच. विचारायचं असतं?”

“तर काय?” काकी म्हणाल्या. “एसटीत कधी बसलीस का नाही?”

“माझी स्वतःची गाडी होती, काकी. विकली.”

मला त्या क्षणी जे दिसले ते इतके साधे होते, की मी टॅब ओट्यावर पालथा ठेवला. एसटीत रुमाल टाकणारा असतो, तसाच दांडीला धरून “कुणाचा रुमाल?” असे विचारणाराही असतो. कुणी ‘माझा’ म्हणाले तर दोन शब्द होतात, कुणी सरकून घेते, कुणी म्हणते, बसा, मी पुढच्या थांब्याला चढणाऱ्यासाठी धरली होती. उत्तर आले नाही, तर रुमाल घडी करून खिडकीत ठेवायचा आणि बसायचे. रुमाल हे कुलूप कधीच नव्हते. ती बोलण्याची सुरुवात होती. आमच्या स्कूटरींवर प्रथेचा पहिला अर्धा भाग जसाच्या तसा येऊन बसला होता आणि दुसरा भाग फोनमध्ये गडप झाला होता. टाकणारे टाकत होते; विचारणारे मान खाली घालून पडद्याकडे बघत होते. तिकटीवर कुणी उद्धट नव्हते. सगळे इतके सभ्य होते, की स्कूटर दिवसभर उभ्या राहत होत्या.

“विचारा,” मी तिला म्हणाले. “ह्याच रुमालाचं विचारा. मोठ्यानं.”

तिने विचारले. आवाज बारीक होता, पण काकींनी तो उचलून माडीपर्यंत पोहोचवला: “वकीलसाहेब, पोरगी दवाखान्यात ड्यूटीला निघालीय, विचारतीय!”

“घे बाळ, घे! आधी दवाखाना,” खिडकीतून उत्तर आले. “आणि हॉर्न वाजवत जा, त्या वळणावर म्हशी असतात.”

परिचारिकेने निळ्या चौकटींचा रुमाल घडी घालून काकींच्या गल्ल्यावर ठेवला, फोन पुढे केला, कुलूप टिंग करून उघडले आणि पहिली स्कूटर तिकटीवरून निघून गेली. ओगलेसाहेबांच्या खिशातला फोनही त्याच वेळी टिंग वाजला. प्रत्येक स्वारीची खबर त्यांना जाई.

“दुसरी उचला,” साहेब हमालांना म्हणाले.

हमालांतला थोरला पुढे झाला. आता त्यालाही रीत समजली होती, त्याने छाती भरून विचारले, “पांढरा रुमाल कुणाचा?”

“माझा,” शिंप्याच्या दुकानातून भोजे मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. “कोण विचारतंय?”

“टेम्पो.”

“मग नाही.”

“मास्तर, मला शाळेत जायचंय, पोराला आणायला,” पोहे खाणाऱ्यांतल्या एकाने हात धुता धुता विचारले. “मी नेऊ?”

“तू ने. येताना माझं बटणांचं पुडकं आण.”

टिंग. साहेबांनी खिशावर हात ठेवला.

पुढे जे झाले ते मी क्रमाने सांगू शकत नाही, कारण ते क्रमाने झाले नाही. तिकटीवर अनेक जण कितीतरी दिवस एकेका रुमालाकडे बघत चालत गेले होते, हे एकमेकांना आता कळत होते. “अरे, तो फुलांचा रुमाल तुझ्या बायकोचा होय? मी तुझ्या बायकोमुळं आठवडाभर रंकाळ्यापर्यंत तंगडतोड केली!” “मग तोंड काय भाड्यानं दिलं होतं?” “मला वाटलं, कुणीतरी मोठ्या माणसाचा असंल.” “आमच्या घरात तीच मोठी!” पंचा पानवाल्याच्या सासऱ्यांचा निघाला. सासरे गावाला परत जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यांचा पंचा स्कूटरवर राहिला होता, आणि रोज स्कूटर पुसणारा आमचा माणूस पंचा उचलून, सीट पुसून, पंचा परत ठेवत होता. हे ऐकून दस्तगीरभाई टेम्पोच्या पायरीवर बसले आणि डोळे पुसू लागले.

टिंग. टिंग. हमाल विचारत, नकार ऐकत आणि पुढच्या स्कूटरकडे जात. तोवर आधीची कुणीतरी मागून नेलेली असे. ओगलेसाहेबांनी शेवटी फोन खिशातून बाहेर काढला आणि हातातच धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आकडे ज्या दिशेला जायला नकोत त्या दिशेला जाताना पाहणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. तसा चेहरा मी आरशात पुष्कळदा पाहिला आहे.

“सबनीस,” ते म्हणाले, “हे आज माझ्यासमोर नाटक म्हणून तर नाही ना बसवलं?”

“ते बसवता आलं असतं, तर मी पावसाळ्यापूर्वीच बसवलं असतं, सर.”

“उद्या हे लोक विचारतील?”

“ते मला सांगता येणार नाही. एका दुपारवरून निष्कर्ष काढू नये. एक महिना मोजावं लागेल.”

“तुम्हाला एक महिना हवाय, असं सरळ म्हणा.”

“मला एक महिना हवाय.”

ते ओळीकडे वळले. ओळीत आता एकच स्कूटर उरली होती, आणि तिचा रुमालवाला, एक किराणा दुकानदार, नेमका तेव्हाच आला. त्याने आपला रुमाल उचलून खिशात कोंबला. “आज कुठं जायचंच नाही,” तो जाहीरपणे म्हणाला. “हितंच बरं वाटायलंय.”

सीट उघडी पडली. हमालांनी एकमेकांकडे पाहिले. कुणाला विचारण्याचा आता प्रश्न नव्हता. थोरल्याने पुढचे चाक धरले, धाकट्याने मागचे, आणि दस्तगीरभाई नाइलाजाने फाळक्याजवळ गेले. एक स्कूटर टेम्पोत चढली की थांबा उठल्याची नोंद होणार होती; उरलेल्या सहा जिथे कुठे थांबतील तिथून रात्रीत उचलता आल्या असत्या.

मी पर्समध्ये हात घातला. माझा रुमाल साधा होता, एका कोपऱ्याला शाईचा डाग. तो मी त्या सीटवर पसरला, चारही टोके नीट केली आणि बाजूला उभी राहिले.

हमालांचे हात सुटले.

पोह्यांवरचे चमचे थांबले. हातोडी पुन्हा सुरू झालेली नव्हतीच. ओगलेसाहेबांनी रुमालाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घड्याळाकडे पाहिले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, कोटाचे बटण सोडले, आणि ज्या माणसाने काही वेळापूर्वी रस्त्यावर ओरडण्यास नकार दिला होता, त्याने सगळ्या माड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

“कुणाचा रुमाल?”

“माझा, सर,” मी म्हणाले.

“मला स्टेशनवर जायचं आहे. गाडी चुकेल. नेऊ का?”

विचारणे रीतसर होते. आवाज पुरेसा होता. गरजही खरी दिसत होती. मी क्षणभर विचार केला, कारण काकींसह पुष्कळ जण माझ्या उत्तराची वाट बघत होते.

“नाही, सर,” मी म्हणाले. “टेम्पो रिकामाच चाललाय, तुम्ही त्यातून जा.”

हसण्याचा लोट इतका मोठा होता, की वकील पुन्हा खिडकीत आले आणि काय झाले ते त्यांना तीन वेळा सांगावे लागले. ओगलेसाहेब केबिनमध्ये चढले. दस्तगीरभाईंनी फाळका लावला आणि गिअर टाकला. टेम्पो वळला तेव्हा साहेबांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

“सबनीस,” ते ओरडले. आता त्यांना ते छान जमू लागले होते. “महिन्यानं येतो. एसटीनं येतो!”